साहेबांकडे झालेली कागाळी आणि आपली प्रकृती

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी दवाखान्यात सर्दी-तापाच्या रुग्णांची गर्दी होती. एक गृहस्थ नंबर येऊनही आत येईनात. "बाकीच्यांचं होऊ द्या," असे म्हणत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेवटचा रुग्ण गेल्यावर आत आले. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. वय ४६, एका पतसंस्थेत १९ वर्षे लेखनिक. नाव-गाव सांगत नाही. त्यांच्या परवानगीनेच लिहीत आहे आणि एक-दोन तपशील बदलले आहेत.

पंधरा दिवसांपासून डोके दुखते, छातीत जळजळते, जेवण जात नाही, पहाटे तीनला जाग येते ती मग झोप लागतच नाही, अशा तक्रारी होत्या. नाडी मिनिटाला ९६. रक्तदाब १६८/१०४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा पाहिला, १६४/१०२.

"काही विशेष घडलंय का?" मी विचारले.

"छे, काही नाही. ॲसिडिटी वाढलीय."

आमच्या धंद्यात या 'काही नाही'ला फार अर्थ असतो. मी वहिनींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे सांगणार नाहीत. ऑफिसातल्या एका माणसानं मॅनेजरकडं ह्यांची तक्रार केलीय. तेव्हापासून ताटावर बसले की त्याचंच नाव. मुलांशी बोलणं नाही. काल अंथरूण काढताना उशीखाली राजीनामा सापडला. लेक बारावीला आहे हो!"

ते गृहस्थ खाली मान घालून बसले होते.

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे ऑफिसचे भांडण आरोग्याच्या सदरात कशाला? माझ्याकडे येणाऱ्या नोकरदारांपैकी पुष्कळजणांचे दुखणे पोटात किंवा डोक्यात दिसते, पण त्याची सुरुवात टेबलावर झालेली असते. शाळा, बँक, पंचायत समिती, कापड दुकान, कुठेही जा. काम जास्त आहे म्हणून आजारी पडणारे मी कमी पाहिले. 'माझ्यामागे वर काहीतरी सांगितले गेले' या एका विचाराने पोखरले गेलेले बरेच पाहिले. ते गोळ्या मागतात, कारण कागाळीवर औषध मागायची लाज वाटते.

अंगात नेमके काय घडते ते आधी पाहू. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९८ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर शांत असताना जठर लयीत हालत असे. ते चिडले की हालचाल जागच्या जागी थांबे. पुढे त्यांनीच दाखवून दिले की संकट दिसले की प्राण्याचे शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. त्यांतून ॲड्रेनालिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात येतात. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते आणि पचन मागे पडते. कुत्रे अंगावर धावून आले तर ही तयारी उपयोगाची. आपण पळतो, कुत्रे मागे राहते आणि अर्ध्या तासात शरीर पूर्ववत होते.

कागाळीचे तसे नाही. ती एकदाच, दोन मिनिटांत, बंद दाराआड झालेली असते. पण ती ऐकल्यापासून आपण ती रोज पन्नास वेळा ऐकतो. अंघोळ करताना, स्कूटरवर, रात्री अंथरुणावर आपण त्या माणसाला उत्तर देत असतो, मनातल्या मनात साहेबांसमोर त्याची फजिती करत असतो. शरीराला हे खरे की मनातले, ते कळत नाही. प्रत्येक उजळणीला ते थोडी तयारी करते. पळायला जागा नाही, लढता येत नाही, आणि त्यातून डोकेदुखी, जळजळ व पहाटेची जाग जन्माला येते.

लंडनमध्ये १९६७ साली सुमारे १८,००० सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली. 'व्हाइटहॉल पाहणी' म्हणून ती प्रसिद्ध आहे. सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही सगळा फरक उलगडेना. म्हणून १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुष नोकरदारांची दुसरी पाहणी हाती घेतली गेली. तीत दिसले की आपल्या कामावर आपला ताबा नाही असे ज्यांना वाटत होते, त्यांना हृदयविकार जास्त होत होता. आपल्याबद्दल कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी ठरवते आहे आणि आपल्या हाती काही नाही, ही भावना कागाळी झालेल्या माणसाची असते. म्हणून उपाय करताना मी पहिल्यांदा काहीतरी त्याच्या हातात आणायचा प्रयत्न करतो.

त्या लेखनिकांकडे परत येऊ. मी विचारले, "नेमकं काय सांगितलं त्यानं?"

"माझ्या नोंदी चुकतात म्हणाला. दोन खातेदारांचे पैसे भलत्याच खात्यात पडले म्हणाला. मला काउंटरवरून काढा असंही म्हणाला."

"तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"शिपायानं सांगितलं."

"आणि चुकल्या होत्या का नोंदी?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोनदा. पण डॉक्टरसाहेब, माझ्या शेजारच्या टेबलाला बसतो तो. आधी मला सांगायचं ना!"

त्यांचे हे दुःख खोटे नव्हते. मी डोकेदुखीसाठी काय घेता ते विचारले. त्यांनी खिशातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी काढली. मेडिकलमधून परस्पर आणलेली. दिवसाला दोन, कधी तीन, तीही रिकाम्या पोटी. "मुदत कधीपर्यंत आहे बघा बरं," मी म्हणालो. त्यांनी पट्टी डोळ्यांसमोर धरली, मग हात लांब केला, मग दिव्याकडे वळवली. "तीन... नाही, आठ असेल."

"चष्मा?"

"मला कशाला चष्मा? पलीकडच्या चौकातली एसटीची पाटी वाचतो मी."

लांबचे स्पष्ट दिसते म्हणजे नजर शाबूत आहे, असे समजणारे बरेचजण आहेत. चाळिशीच्या आसपास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे वाचायला त्रास पडतो. हा काही रोग नव्हे, केस पिकण्यासारखेच ते आहे. चष्म्यालाच आपल्याकडे 'चाळिशी' म्हणतात ते उगीच नाही. पतसंस्थेत पिग्मी एजंटांच्या फिकट पावत्यांवरून आकडे संगणकात भरायचे. ३ आणि ८, १ आणि ७ यांत घोळ होणारच. दिवसभर डोळे ताणल्याने कपाळ दुखणार. त्यावर वेदनाशामक गोळी. या गोळ्यांनी जठराच्या अस्तराला इजा होते आणि रक्तदाबही वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणजे कागाळी होण्याच्या आधीच निम्मा आजार तयार होता, उरलेला कागाळीने पुरा केला.

अल्सरविषयी एक समजूत इथेच दूर करतो. 'टेन्शनने अल्सर होतो' असे आम्हालाही कॉलेजात शिकवले गेले. पुढे ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी दाखवले की बहुतेक अल्सरच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये हे जंतू स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले. दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. चिंतेने जळजळ जाणवते जास्त, भूक मरते, हे खरेच. पण काळी शौच, रक्ताची उलटी, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर ती ऑफिसच्या नावावर खपवू नका, तपासणी करून घ्या.

मी त्यांच्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, जळजळीसाठी थोडे दिवस औषध दिले, हृदयाचा आलेख काढला, साखर तपासली. दोन्ही ठीक होते. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी दिली नाही. छातीत दुखणे, धाप, बोलताना जीभ अडखळणे असे काही असते किंवा आकडा १८०/११० च्या वर असता तर थांबलो नसतो. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ दाब मोजून वहीत लिहायला सांगितले. डोळे तपासून यायला सांगितले. आणि राजीनामा उशीखालून काढून वहिनींच्या डब्यात ठेवायला सांगितला. फाडायला मुद्दाम सांगितले नाही. माणसाला दार बंद झाल्यासारखे वाटले की तो जास्त धडपडतो.

मग मी त्यांना माझी स्वतःची फजिती सांगितली. १९९६ साली मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. तिथल्या एका सहकाऱ्याने वरिष्ठांच्या कानावर घातले की मी बाह्यरुग्ण विभागात उशिरा येतो आणि रुग्णांना बाहेरची औषधे लिहून देतो. दुसरी गोष्ट साफ खोटी होती. पहिली खरी होती. मी तेव्हा तालुक्याहून ये-जा करत असे आणि पहिली गाडी चुकली की पाऊण तास उशीर ठरलेला. पण मला खोट्याचा इतका संताप आला की खऱ्याकडे बघायला मी तयारच नव्हतो. एका रात्रीत सहा पाने लिहिली. त्या सहकाऱ्याचे सगळे दोष, अगदी त्याच्या मेहुण्याच्या औषधाच्या दुकानापर्यंत. सकाळी ती वरिष्ठांना दिली. वरिष्ठ शांत गृहस्थ होते. त्यांच्याकडे एका तक्रारीच्या दोन तक्रारी झाल्या. त्यांनी दोघांचीही बदली सुचवली. नव्या ठिकाणी वर्षभर माझी जळजळ थांबली नाही, आणि डॉक्टर असून मी तिला खाण्यापिण्याची गडबड म्हणत होतो.

ती सहा पाने लिहिली यात चूक नव्हती. ती दिली, ही चूक. लिहिण्याचा फायदा असतो. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ ४ दिवस रोज १५ मिनिटे स्वतःच्या क्लेशदायक अनुभवाविषयी लिहायला लावले होते. घडलेले आणि वाटलेले दोन्ही लिहिणारे विद्यार्थी पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या प्रयोगांत हा फायदा इतका मोठा दिसला नाही, तरी ज्याला पहाटे जाग येते त्याला मी वही देतोच. मनात पन्नास वेळा फिरणारे वाक्य कागदावर उतरले की निदान दिसते तरी.

त्या वहीत लेखनिकांनी तीन गोष्टी लिहाव्यात असे ठरले. काय सांगितले गेले म्हणतात, त्यातले काय खरे घडले, आणि त्याला कागदाचा आधार काय. शिपायाच्या तोंडून आलेली गोष्ट वाटेत वजन घेते, हेही लक्षात ठेवायचे. 'मला काउंटरवरून काढा' हे वाक्य नंतर शिपायाचेच निघाले.

दोन रात्री जाऊ द्याव्यात, असा माझा अनुभव आहे. त्याच दिवशी बोलायला गेलेला माणूस भांडून येतो. आठवडे घालवलेला माणूस कुढत बसतो. मग त्या सहकाऱ्याला एकट्याला गाठावे. चार लोकांत नाही, चहाच्या टपरीवर तर मुळीच नाही. बोलायचे ते थोडके. लेखनिकांनी माझ्यासमोर दोन-तीनदा म्हणून पाहिले, तेव्हा कुठे त्यातला 'तुम्ही लोक' आणि 'तुमचा स्वभावच' गळाला. उरले ते असे: "माझ्या नोंदी चुकल्याचं तुम्ही साहेबांना सांगितलंत असं कानावर आलं. दोन चुकल्या होत्या, मी दुरुस्त केल्यात. पुढे काही दिसलं तर आधी मला दाखवा." एवढे बोलून उत्तराची वाट न बघता कामाला लागायचे. त्याने कबूल केले पाहिजे, माफी मागितली पाहिजे, असा हट्ट धरलात तर पुन्हा झोप गेलीच म्हणून समजा.

साहेबांकडे जाताना 'कुणी सांगितले' हे विचारू नये. साहेबांना तिथे लगेच बचावात जावे लागते. 'माझ्या कामात तुम्हाला काय कमी दिसते' असे विचारावे आणि जमल्यास दुरुस्तीचा कागद हातात असावा. सकाळी हिशेब जुळवायच्या घाईत किंवा महिनाअखेरीला जाऊ नये. लेखनिक गेले ते शनिवारी दुपारी, नवा चष्मा लावून. व्यवस्थापक म्हणाले, "अहो, मला वाटलं तुमचं घरी काही बिनसलंय."

आता, सगळ्याच कागाळ्यांत असा चष्मा सापडत नाही, याची मला जाणीव आहे. काही साफ खोट्या असतात. काही साहेब हलक्या कानाचे असतात, आणि काहींना तर दोघांना झुंजवत ठेवणे सोयीचे वाटते. अशा ठिकाणी तोंडी खुलाशापेक्षा कागद बरा. मेमो आला तर मुदतीत, थोडक्यात, मुद्द्याला धरून लेखी उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी. सरकारी नोकरांसाठी सांगतो, गोपनीय अहवालातला शेरा कायम गुप्त ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सांगितले की अहवालातील प्रत्येक शेरा, तो चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर म्हणणे मांडता येते. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षकांना हे ऐकूनच बरे वाटले. शेरा पाहिला तर तो 'चांगला' असाच होता. चार महिने ते उगाच जागले होते.

भगिनींना वेगळे सांगायला हवे. एखाद्याच्या लगटीला नकार दिल्यावर तुमच्या कामाविषयी तक्रारी सुरू झाल्या असतील किंवा तुमच्या चारित्र्याविषयी वर बोलले जात असेल, तर 'समजुतीने घ्या' हा माझा सल्ला तुमच्यासाठी नाही. २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते, म्हणून दिवस मोजा. जातीवरून अपमान झाला तर तोही टेबलावरचा वाद नव्हे, त्याला कायदा आहे.

झोपेविषयी थोडे. या काळात पुरुष मंडळी संध्याकाळी 'थोडीशी' घेऊ लागतात. दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती तुटते आणि पहाटे तीनची जाग दोनवर येते. तंबाखूच्या बारने नाडी वाढते. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या पट्टीतून घेणे तर फारच वाईट. तिची सवय लागते आणि ती अचानक सोडली की त्रास होतो. रात्री ऑफिसचा विषय घरात किती वेळ चालावा हे नवरा-बायकोने ठरवून घ्यावे. वहिनींनी अर्धा तास ठरवला होता, चहाबरोबर. त्यानंतर विषय निघाला की त्या रेडिओ मोठा करत.

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, कशात मन रमत नाही, रडू येते, किंवा 'नको हे जगणे' असे मनात येते, तर ऑफिस सुधारण्याची वाट पाहू नका. आपल्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येते.

लेखनिक महिन्याने आले तेव्हा डोकेदुखी गेली होती आणि पहाटे पाचपर्यंत झोप लागत होती. सहकाऱ्याशी बोलणे कामापुरते आहे, चहा मात्र ते वेगळा घेतात. त्याने मुद्दाम कागाळी केली की काळजीने सांगितले, हे अजून कळलेले नाही. राजीनामा डब्यातच आहे. घरच्या वहीतल्या रक्तदाबाची सरासरी मात्र १४४/९२ आली. घरी मोजताना ती १३५/८५ च्या आत असावी लागते. त्यांच्या वडिलांना पन्नाशीत अर्धांगवायू झाला होता, हेही तेव्हाच कळले. म्हणून शेवटी कमी मात्रेची गोळी सुरू केली आणि लोणचे-पापड बंद केले.

"म्हणजे डॉक्टरसाहेब, हा दाब त्याच्यामुळं नव्हता तर!" ते जरा नाराजीनेच म्हणाले.

घरी रक्तदाब मोजायचे यंत्र कोणते घ्यावे आणि पट्टा दंडावर कसा बांधावा, ते पुढील आठवड्यात पाहू.